अर्धे मैदान

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदान नावाचे एक जुने, विस्तीर्ण पटांगण आहे. ‘आम’ म्हणजे सर्वसामान्य आणि ‘खास’ म्हणजे निवडक. ज्या पटांगणाच्या नावातच सामान्य आणि निवडक असे दोघेही सामावले आहेत, तेथे कोणालाच मज्जाव नसेल, असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. माझ्या या समजुतीत एक मोठी उणीव होती. ती माझ्या ध्यानात कशी आली, तेच या पाठात सांगावयाचे आहे.

2025 सालची नागपंचमी 29 जुलै रोजी होती. दुपारभर पावसाची रिपरिप चालली होती. सायंकाळी मात्र चांगली उघडीप मिळाली. इयत्ता आठवीत शिकणारी माझी नात मैत्रिणींबरोबर झिम्मा-फुगडी खेळून, झोके घेऊन नुकतीच घरी आली होती. हातावरची मेंदी अजून ताजी होती. तोच ती फुटबॉल काखेत धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, चला ना मैदानावर!”

मैदानाच्या कडेला बसावयास एक बुटका कट्टा आहे. तेथे आम्हा काही फुटबॉलप्रेमी मंडळींची रोज सायंकाळी बैठक भरते. त्यांतील सर्वांत वयोवृद्ध म्हणजे आमचे चाचा. तरुणपणी ते याच मैदानावर गोल राखीत. पुढे त्यांनी सायकल-दुरुस्तीचे दुकान चालवून संसार केला. दुसऱ्या, एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकविणाऱ्या बाई. तिसरा, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणारा एक तरुण. कोणत्या सामन्यात किती गोल झाले, हे त्याला पाढ्यांसारखे पाठ असते. आणि चौथा मी, एक निवृत्त मुख्याध्यापक. खेळण्यापेक्षा बोलण्यातच माझी गती अधिक!

त्या दिवशी कट्ट्यावर विशेष उत्साह होता. आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेच्या गटांची सोडत त्याच दिवशी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात झाली होती. ही स्पर्धा मार्च 2026 मध्ये ऑस्ट्रेलियात व्हावयाची होती आणि भारताच्या महिलांनी तीत आपल्या पराक्रमाने स्थान मिळविले होते. सोडतीत भारताच्या वाट्याला जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई हे तीन प्रतिस्पर्धी आले होते.

“सर, जपान!” मला पाहताच तरुण म्हणाला, “2011 सालचे जगज्जेते! त्यांच्यापुढे आपला टिकाव कसा लागणार? किती गोल होतील, एवढाच काय तो प्रश्न आहे.”

“अरे, अजून चेंडूला पायही लागला नाही आणि तू निकाल सांगून मोकळा झालास!” चाचा हसून म्हणाले. “थायलंडशी सामना होता, तेव्हाही तू हेच म्हणत होतास.”

तरुण थोडा ओशाळला. कारण चाचांचे बोलणे खरे होते. जून-जुलैमध्ये थायलंडमधील चियांग माई येथे पात्रता फेरीचे सामने झाले होते. भारताने मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0 आणि इराकला 5-0 असे पराभूत केले. अखेरचा सामना यजमान थायलंडशी 5 जुलै रोजी होता. जो जिंकेल तोच मुख्य स्पर्धेत जाणार होता. जागतिक क्रमवारीत थायलंड 46 वा आणि भारत 70 वा. शिवाय मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. परंतु मधल्या फळीत खेळणाऱ्या बंगालच्या संगीता बासफोर हिने पूर्वार्धात दुरून एक जोरदार फटका मारून पहिला गोल केला. उत्तरार्धाच्या आरंभीच थायलंडने बरोबरी साधली. तरीही आमच्या मुली डगमगल्या नाहीत. 74 व्या मिनिटास संगीतानेच दुसरा गोल केला आणि भारताने सामना 2-1 असा जिंकला. पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेची मुख्य फेरी गाठण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ होती. त्या संघाचे प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री हे होते.

“तो विजय मला मान्य आहे,” तरुण म्हणाला. “परंतु एका सामन्यावरून संघाची योग्यता ठरत नाही. 2022 साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याच देशात झाला. भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्याला 8-0 असे हरविले, मोरोक्कोने 3-0 आणि ब्राझीलने 5-0. तीन सामन्यांत सोळा गोल आपल्यावर झाले, आणि आपला एकही नाही. हे आकडे मी कसे विसरू?”

कट्ट्यावर क्षणभर शांतता पसरली. त्या सामन्यांची आठवण कोणालाच सुखाची नव्हती. मग बाई शांतपणे म्हणाल्या, “विसरू नका. उलट त्यांच्या शेजारी आणखी एक आकडा मांडा. 1991 साली महिलांचा पहिला विश्वचषक चीनमध्ये झाला. त्यात जपान खेळला होता. जपानचे काय झाले, ठाऊक आहे?”

“नाही बुवा,” चाचा म्हणाले.

“पहिल्या सामन्यात ब्राझीलकडून 1-0 ने हार. दुसऱ्या सामन्यात स्वीडनकडून 8-0 ने. तिसऱ्यात अमेरिकेकडून 3-0 ने. तीन सामन्यांत बारा गोल त्यांच्यावर झाले आणि त्यांचा एकही नाही.”

“आठ!” माझी नात आश्चर्याने म्हणाली. “म्हणजे आपल्याइतकेच?”

“अगदी तेवढेच. आणि आता पुढचे ऐक. वीस वर्षांनी, 2011 साली, विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात जपानसमोर पुन्हा स्वीडनच आला. त्या वेळी जपानने त्यांना 3-1 असे हरविले. अंतिम सामन्यात त्यांनी अमेरिकेशी 2-2 अशी बरोबरी केली, पेनल्टी फटक्यांवर विजय मिळविला आणि ते जगज्जेते झाले. ज्यांनी त्यांना धूळ चारली होती, त्या दोघांनाही ओलांडून ते शिखरावर पोचले.”

माझ्या नातीने थोडा विचार केला आणि विचारले, “बाई, आठ गोल खाल्ल्यावर त्या मुलींनी दुसऱ्या दिवशी काय केले असेल?”

“ते मला सांगता येणार नाही, परंतु तिसऱ्या दिवशी काय केले, ते ठाऊक आहे. त्या पुन्हा मैदानात उतरल्या. समोर अमेरिका होती आणि ती स्पर्धा अमेरिकेनेच जिंकली. अशा संघाने त्यांच्यावर आठ नव्हे, तीनच गोल केले.”

मुलांनो, हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. आठ गोल हा त्या दिवशीच्या अंतराचा आकडा होता. ते अंतर कायमचे आहे, असे त्या आकड्याने कोठेही म्हटलेले नव्हते.

परंतु तरुण सहजासहजी मागे हटणारा नव्हता, आणि त्याचा पुढला मुद्दा खरोखरच विचार करण्याजोगा होता. तो म्हणाला, “बाई, तुमचे म्हणणे असे दिसते, की काळ गेला की दुबळा संघ आपोआप बलवान होतो. मग आपले काय झाले? 1983 साली बँकॉकला आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला उपविजेत्या ठरल्या होत्या. अंतिम सामन्यात त्यांना थायलंडनेच हरविले. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला; तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी आपण आशियात दुसरे होतो! पुढे आपण मागे मागे पडत गेलो. 2003 नंतर आशियाई स्पर्धेच्या मुख्य फेरीत आपण दिसलो, ते थेट 2022 साली. तेही यजमान म्हणून. काळ जपानसाठीही गेला आणि आपल्यासाठीही गेला. मग एक वर आणि एक खाली, असे का?”

“शाब्बास!” चाचा म्हणाले. “आज तू गोल केलास!”

बाईंनीही त्याचे कौतुक केले आणि म्हणाल्या, “तुमचे अगदी बरोबर आहे. नुसत्या काळाने काही होत नाही. शेत पडीक ठेवले, तर वर्षे गेल्याने त्यात धान्य उगवत नाही, तण उगवते. जपानने 1989 साली महिलांसाठी देशव्यापी साखळी स्पर्धा सुरू केली. म्हणजे स्वीडनकडून हार झाली, तेव्हा त्यांच्या घरी नांगरणी सुरू झालेली होती. आपल्याकडे महिलांची अखिल भारतीय साखळी स्पर्धा 2017 साली सुरू झाली. मधे अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. राष्ट्रीय संघात अकरा जणी खेळतात. परंतु त्या अकरा जणी निवडण्यासाठी पाठीमागे हजारो मुली खेळाव्या लागतात. त्या हजारो मुलींना वर्षभर सामने मिळावे लागतात. आपल्या संघातील मुली बहुतेक मणिपूर, तमिळनाडू, झारखंड, हरियाणा, बंगाल अशा प्रांतांतून येतात. कारण तेथे मुलींना चेंडू मिळाला आणि मैदानही मिळाले.”

“मग या वेळी आशा धरावी की नाही, ते तरी सांगा,” मी विचारले.

तरुणाने खिशातून कागद काढला. आपण त्याला निराशावादी म्हणत होतो, परंतु हिशेब त्याने अगोदरच मांडून ठेवला होता! “बारा संघ, तीन गट, प्रत्येक गटात चार संघ,” तो सांगू लागला. “प्रत्येक गटातील पहिले दोन संघ पुढे जाणार. तिसऱ्या क्रमांकावरील तीन संघांपैकी दोन सरस संघही जाणार. म्हणजे बारापैकी आठ उपउपान्त्य फेरीत! जपानकडून हार धरून चालू. व्हिएतनाम 2023 सालच्या विश्वचषकात खेळला आहे. तेथे त्याचे तिन्ही सामने गेले, तरी तो अनुभव मोठा. चायनीज तैपेईने फार पूर्वी हे आशियाई विजेतेपद ओळीने तीनदा जिंकले होते. दोघेही आपल्याहून वरचढ आहेत, परंतु थायलंडही वरचढच होता. या दोघांपैकी एकाला जरी हरविले, तरी पुढे जाण्याची आशा राहते. आणि उपान्त्य फेरी गाठणारे चारही संघ 2027 साली ब्राझीलमध्ये होणाऱ्या विश्वचषकात थेट जातील.”

“म्हणजे तुलाही आशा आहे!” चाचा म्हणाले.

“आशा आहे, भरवसा नाही,” तरुण हसून म्हणाला. मला त्याचे हे उत्तर फार आवडले. खऱ्या पाठीराख्याचे लक्षण याहून वेगळे ते कोणते? जो केवळ विजयाच्या दिवशी ढोल वाजवितो, तो विजयाचा मित्र, संघाचा नव्हे. जो दोष उघड्या डोळ्यांनी पाहतो आणि तरीही पुढच्या सामन्याला येऊन बसतो, तोच संघाचा मित्र.

बोलता बोलता बाईंनी इंग्लंडची एक हकिकत सांगितली. इंग्लंडच्या महिलांनी दोनच दिवसांपूर्वी, 27 जुलै रोजी, बाझेल येथे स्पेनला हरवून युरोपचे विजेतेपद दुसऱ्यांदा मिळविले होते. परंतु याच इंग्लंडमध्ये एक काळ असा होता, की महिलांच्या फुटबॉलला मैदानेच बंद झाली होती. 1920 सालच्या नाताळात लिव्हरपूल येथे महिलांचा एक सामना पाहण्यास सुमारे 53,000 प्रेक्षक लोटले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1921 मध्ये, तेथील फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही. सबब आमच्या अखत्यारीतील क्लबांनी त्यांना आपली मैदाने देऊ नयेत. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. जेथे पन्नास हजार माणसे पाहावयास येत होती, तेथे दोन पिढ्यांतील मुलींना चेंडू ठेवावयास चांगले मैदान राहिले नाही.

“एका ठरावाने पन्नास वर्षे गेली!” चाचा हळहळले.

मी मात्र गप्प झालो. कारण त्या क्षणी मला एक जुना प्रसंग आठवला. मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट आहे. एके दिवशी पाच-सहा मुली माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. एकमेकींना पुढे ढकलीत, संकोचाने, अखेर त्यांनी आपली मागणी सांगितली: आठवड्यातून एक तास मैदान आणि एक फुटबॉल. मी त्यांच्यावर रागावलो नाही. त्यांना नाहीही म्हणालो नाही. मी हसून एवढेच म्हणालो, “पाहू.” मुली आनंदाने वर्गात गेल्या. मैदान मुलांकडेच राहिले. काही दिवस त्या मुली जाता-येता माझ्या खोलीकडे पाहत. पुढे तेही थांबले. त्या पुन्हा विचारण्यास आल्या नाहीत आणि मीही त्यांना बोलावले नाही. इंग्लंडच्या संघटनेला ठराव लिहावा लागला. मला एक शब्द पुरला.

मी विचारांतून भानावर आलो, तेव्हा माझी नात समोर उभी होती. तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणी होत्या. तिघीही इतका वेळ मैदानाच्या कडेला, चिखलाच्या अरुंद पट्ट्यात, भिंतीवर चेंडू मारीत होत्या. मधले सारे मैदान मुलांच्या दोन संघांनी व्यापले होते. ती म्हणाली, “आजोबा, जपानचे नंतर पाहा. आम्ही गोल कुठे मारायचा, ते सांगा ना!”

या प्रश्नापुढे आमचे सारे आकडे थिटे पडले. चाचा उठले आणि त्यांनी मुलांच्या कप्तानाला हाक मारली. कप्तान धावत आला. चाचांचा सारे आदर करीत. ते म्हणाले, “बेटा, तुम्ही पुष्कळ जण आहात, खरे. परंतु रोज एक तास या मुलींना अर्धे मैदान द्यावे, अशी माझी इच्छा आहे.”

कप्तानाने मागे वळून आपल्या सोबत्यांकडे पाहिले. मग तो अदबीने म्हणाला, “पाहू, चाचा.”

तोच शब्द! मी ताडकन उठलो. “बाळ,” मी म्हणालो, “तो शब्द मी एकदा वापरला आहे. त्याचा परिणाम मला ठाऊक आहे. तुला द्यावयाचे नसेल, तर तू ‘नाही’ म्हण; म्हणजे आम्ही दुसरी वाट शोधू. परंतु ‘पाहू’ म्हणू नकोस.”

मुलगा गोंधळला. माझ्या स्वरात एवढी आर्तता कोठून आली, हे त्याला कसे कळावे? तो सोबत्यांकडे परत गेला. त्यांच्यात बराच वेळ कुजबुज झाली. एकदोघांनी मानाही हलविल्या. अखेर तो परत येऊन म्हणाला, “उद्यापासून साडेपाच ते साडेसहा, त्या बाजूचे अर्धे मैदान. मात्र रविवारी आमचा सामना असतो, त्या दिवशी जमणार नाही.”

“कबूल!” माझी नात माझ्या आधीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चपलांच्या जोड्यांचे खांब करून गोल आखला गेला. मुली किती, तर तीन! तरुणाने तो आकडा आपल्या कागदाच्या पाठीमागे तारीख घालून लिहिला. बाईंनी घंट्यागणिक नेम आणि चेंडू अडविणे शिकविण्याचे पत्करले. चाचांनी गोल राखावयास कसे उभे राहावे, ते स्वतः उभे राहून दाखविले. त्या वेळी त्यांच्या गुडघ्यांचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला. माझ्याकडे कोणतीच कला नव्हती. म्हणून मी रोज तेथे येऊन बसण्याचे काम घेतले. एक आजोबा शेवटपर्यंत मैदानावर असतात, हे कळल्यावर आणखी दोघींच्या आयांनी मुलींना पाठविले. पुढच्या आठवड्यात कागदावर पाच हा आकडा आला.

मुलांनो, बलवान संघापुढे आपला संघ उभा राहतो, तेव्हा किती गोल होतील, याची चर्चा सारेच करतात. ती चर्चा अवश्य करावी. परंतु त्या सामन्याचा बराचसा निकाल कितीतरी वर्षे अगोदर, कोठल्यातरी लहानशा मैदानाच्या कडेला, कोणीतरी दिलेल्या उत्तराने लागलेला असतो. ते उत्तर कधी ‘नाही’ असते, कधी ‘पाहू’ असते, तर कधी ‘उद्यापासून साडेपाच वाजता’ असे असते.

अभ्यास

1. आमखास मैदानाच्या नावाविषयी लेखकाची समजूत कोणती होती? तिच्यात कोणती उणीव होती?

2. जपान आणि भारत यांच्या उदाहरणांवरून ‘नुसत्या काळाने काही होत नाही’ हे विधान स्पष्ट करा.

3. ‘आशा आहे, भरवसा नाही’ या तरुणाच्या उत्तरात लेखकाला खऱ्या पाठीराख्याचे कोणते लक्षण दिसले?

4. ‘मला एक शब्द पुरला’ या वाक्यात लेखकाला काय सुचवावयाचे आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.

5. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: टिकाव लागणे, धूळ चारणे, मनात घर करणे, थिटे पडणे.

6. तुमच्या शाळेच्या मैदानावर कोणाला खेळावयास मिळते व कोणाला मिळत नाही, याचे आठ दिवस निरीक्षण करा आणि त्यावर दहा ओळी लिहा.